ट. हं. निराळे

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या भंडाऱ्यातल्या एका पोस्टात दोन पाकिटे घेऊन मी रांगेत उभा होतो. एक मोठे, खाकी, आत जुन्या मोडी पोस्टकार्डांच्या झेरॉक्स प्रती. वजन दोनशे ग्रॅमच्या जरा आत. दुसरे साधे, त्यात एका संस्थेला लिहिलेले एकपानी विनंतीपत्र. दोन्ही पुण्याला जायची होती आणि दोन्ही पोचल्याचा कागद मला हवा होता. सवयीने म्हणालो, "रजिस्टर करायचं आहे." खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, रजिस्टर बंद झालं. आता स्पीड पोस्टच."

वर्तमानपत्रात वाचले होते, तरी खिडकीवर ऐकताना ते वेगळे वाटले. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणी टपाल ही स्वतंत्र सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. फक्त पत्ता लिहिलेल्या माणसाच्याच हाती पत्र द्यायचे असेल तर स्पीड पोस्टवर पाच रुपये जास्तीचे भरून 'नोंदणी' घेता येते. १ ऑक्टोबरपासून दरही नवे झाले.

घरी येऊन वहीत हिशेब मांडला. माझा अंदाज होता की मोठ्या पाकिटाचा भुर्दंड मोठा असणार. निघाले उलटेच. जुन्या दराने वीस ग्रॅमला पाच रुपये, म्हणजे दोनशे ग्रॅमला पन्नास, वर नोंदणीचे सतरा आणि त्यावर अठरा टक्के कर: ७९ रुपये ६ पैसे. नव्या दराने ६८ आणि कर, म्हणजे ८० रुपये २४ पैसे. जवळपास तेवढेच. पण साध्या एकपानी पत्राला पूर्वी २५ रुपये ९६ पैसे पडत, तिथे आता ४७ आणि कर मिळून ५५ रुपये ४६ पैसे. दुपटीहून जास्त. पुराव्यानिशी पाठवायचे हलके पत्र महागले आणि जाड लखोटा होता तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट दरपत्रक पुन्हा पाहताना लक्षात आली. माझे तेच खाकी पाकीट गावातल्या गावात २४ रुपयांत जाते. दोनशे किलोमीटरच्या आत, म्हणजे नागपूरला, ५९. पुण्याला ६८. दोन हजार किलोमीटरच्या पुढे ७७. पन्नास ग्रॅमच्या आतले पत्र गावाबाहेर कुठेही गेले तरी ४७. त्याच्या वर गेले की अंतर मोजायला सुरुवात होते. रजिस्टर पत्राला अंतर कधीच नव्हते. वजन सांगा, पैसे भरा, कन्याकुमारी काय नि कामठी काय.

अंतराला पैसे न घेण्याची ही रीत आपल्याकडे कधी आली आणि तिने आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांचे काय केले, हे शोधायला मी त्या हिशेबातून निघालो.

०००

आमच्या भागात 'टपाल' हा थोडा पुस्तकी शब्द आहे. बोलताना पोस्ट, नाहीतर डाक. भोसल्यांच्या राज्यात डाक होती ती दरबाराची आणि सावकारांची. जासूद आणि हरकारे धावत ते राजकारणासाठी आणि हुंडीसाठी. पवनीसारख्या गावातल्या रयतेला लेकीची खुशाली कळायची ती यात्रेकरू, बैलगाडीवाले किंवा सोयऱ्यांच्या तोंडून.

कंपनी सरकारची डाक १८३७ च्या कायद्याखाली सर्वांसाठी खुली होती, पण दर वजनावर आणि अंतरावर. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्राला एक रुपया पडे; कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमहून किंचित जास्त. अशा दराने पत्र लिहिणारा माणूस साहेब असे, नाहीतर सावकार.

त्याच वर्षी इंग्लंडात रोलंड हिल नावाच्या एका शिक्षकाने टपालसुधारणेवर पुस्तिका काढली. टपाल खात्याशी त्याचा संबंध नव्हता. आमच्यासारखाच बाहेरचा माणूस. (स्वशिक्षित संशोधकांना ही गोष्ट सुखावते, म्हणून मुद्दाम सांगतो.) त्याने खात्याचेच आकडे घेऊन दाखवले की लंडनहून एडिनबरोला एक पत्र वाहून न्यायचा खरा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भाग आहे. मग पैसा जातो कुठे? तर प्रत्येक पत्राचे अंतर मोजण्यात, पाने मोजण्यात, हिशेब लिहिण्यात आणि घेणाऱ्याच्या दारात पैशांसाठी ताटकळण्यात. म्हणून सगळ्या देशाला एकच दर ठेवा आणि पैसे आधी घ्या, तिकिटाच्या रूपात. १० जानेवारी १८४० ला इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झाले, त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट आले.

हिलचा मुद्दा आजही नीट समजून घेण्यासारखा आहे. एकच दर म्हणजे दूरच्यांवर केलेली दया, असे त्याचे म्हणणे नव्हते. अंतराचा खर्च मुळातच नगण्य आहे आणि तो मोजायचाच खर्च जास्त, असे ते साधे गणित होते.

आपल्याकडे हे गणित डलहौसीच्या काळात आले. १८५० मध्ये आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालावरून १८५४ चा टपाल कायदा झाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या आतल्या पत्राला अर्धा आणा, कंपनीच्या मुलखात कुठेही. एक तोळ्याला दोन आणे. कलकत्ता-मुंबईच्या एका रुपयाचे दोन आणे झाले, एका दिवसात आठवा हिस्सा.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. म्हणजे ज्या वर्षी भंडारा कंपनीच्या नकाशात गेला, त्याच वर्षी त्या नकाशातले पत्रापुरते अंतर पुसले गेले. एकाच डलहौसीने राज्य नेले आणि अर्ध्या आण्याचे पत्र दिले. पहिल्या गोष्टीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीबद्दल फारसे नाही.

अर्थात अर्धा आणा सगळ्यांना परवडे असे नाही. आणि पाव तोळा म्हणजे किती? २.९ ग्रॅम. आज झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-चार आकाराचा एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो. तेव्हाच्या पत्रलेखकाला आपल्या अर्ध्या पानाएवढ्या कागदात, तोही पातळ, सगळे मावायला हवे होते. जुन्या पत्रांत कडेने, आडवे, उलटे लिहिलेले दिसते ते कागदाच्या काटकसरीमुळे असे आपण समजतो. त्यात वजनाचीही धास्ती होती. १८६९ मध्ये अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला, १९०७ पर्यंत पूर्ण तोळा. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे घेत. त्याला आपल्याकडे 'नॉटपेड' म्हणत. मी लहान असताना घरी नॉटपेड आले की आजी पोस्टमनला ओट्यावरच थांबवून आधी अक्षर ओळखायची, मग पैसे द्यायचे की परत करायचे ते ठरवायची.

खरा फरक पडला तो पोस्टकार्डाने. ऑस्ट्रियाने १८६९ मध्ये काढलेली ही वस्तू आपल्याकडे १ जुलै १८७९ ला आली. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, नागपूर-छत्तीसगड रेल्वे भंडारा जिल्ह्यातून गेली. स्टेशन गावापासून दूर, वरठीला. म्हणूनच त्याचे नाव भंडारा रोड. मुंबईची गाडी नागपूरला १८६७ मध्येच पोचली होती. म्हणजे १८८० नंतर पुण्या-मुंबईत एका पैशाला पडलेले कार्ड रुळांवरून वरठीपर्यंत यायचे आणि तिथून पुढे गावात.

माझ्याकडची कार्डे बहुतेक रद्दीतून आली आहेत. तुमसरच्या तांदळाच्या आणि भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या जुन्या पेढ्या मोडल्या, तेव्हा खोक्यांनी निघाली. भाव काय, माल कधी सुटला, हुंडी पोचली का. उघड्या कार्डावर धंद्याचे सगळे लिहिलेले; पोस्टमनने वाचले तर वाचू दे. घरगुती कार्डांत खुशाली, बाळंतपण, शेतावरचा पाऊस. निधनाच्या कार्डावर 'श्री' नसे आणि ते वाचून झाले की फाडून टाकत, म्हणून माझ्या खोक्यांत तसले एकही नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा सगळा दुःखाचा पत्रव्यवहार असा नाहीसा झालेला आहे. इतिहास लिहिताना ही पोकळी लक्षात ठेवावी लागते, नाहीतर खोके पाहून वाटेल की इथे फक्त तांदूळ विकला जायचा.

०००

'ट. हं. निराळे' हे शब्द जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर ज्यांनी पाहिले आहेत, ते माझ्या वयाचे किंवा थोरले असतील. टपालहंशील निराळे. पुढे त्याचे 'ट. ख.' झाले. किंमत आठ आणे, ट. हं. निराळे. या दोन अक्षरांत मराठी वाचनाचा अर्धा इतिहास आहे असे मला वाटते, कारण पुस्तकाचे दुकान नसलेल्या गावात पुस्तक येत होते ते याच वाटेने.

१८७७ पासून 'व्ही.पी.' म्हणजे वस्तू पोचली की पैसे देण्याची सोय होती, १८८० पासून मनीऑर्डर. या दोन सोयी नसत्या तर मुंबई-पुण्याच्या प्रकाशकाला भंडाऱ्याच्या अनोळखी माणसावर आणि त्या माणसाला प्रकाशकावर विश्वास ठेवावा लागला असता. पोस्टाने मधे उभे राहून तो प्रश्न मिटवला. मासिकांचे संपादक वर्गणी थकली की पुढचा अंक व्ही.पी.ने पाठवत आणि तो परत करू नका म्हणून विनवत. परत आलेल्या व्ही.पी.नी किती मासिके बुडवली याचा कुणी अभ्यास केला तर मी वाचीन.

छापील मजकुराला पत्रापेक्षा स्वस्त ठेवायचे, हे धोरण जगभर होते. अमेरिकेने १७९२ च्या कायद्यात वर्तमानपत्राला शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्याहून दूर दीड सेंट असा नाममात्र दर लावला होता. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमात नोंदणीकृत वर्तमानपत्राची व्याख्या झाली. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला. पुण्याबाहेरच्या वर्गणीदाराकडे तो जायचा टपालानेच. त्या सवलतीचे दर अगदी अलीकडच्या काळातही ऐकून विश्वास बसणार नाही असे होते: पन्नास ग्रॅमपर्यंत पंचवीस पैसे, शंभरपर्यंत पन्नास, पुढच्या प्रत्येक शंभराला वीस पैसे.

या व्याख्येत एक अट आहे, ती या अंकाच्या वाचकांना जवळची वाटेल. नोंदणीकृत वर्तमानपत्र म्हणवून घ्यायचे तर दोन अंकांत एकतीस दिवसांहून जास्त अंतर नको, आणि वर्गणीदारांची खरी यादी हवी. म्हणजे मासिकाचा दिवाळी अंक या सवलतीत बसू शकतो. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तो मासिकाचाच होता. पण फक्त दिवाळीला निघणारा वार्षिक अंक पोस्टाच्या लेखी वर्तमानपत्र नव्हे. तो बुक-पोस्टाच्या खिडकीवर जातो.

बुक-पोस्ट म्हणजे एका टोकाला उघडे ठेवलेले पुडके. पोस्टमास्तरला आत डोकावून पाहता आले पाहिजे की खाजगी पत्र लपवलेले नाही. लग्नपत्रिकेचे पाकीट न चिकटवता नुसते आत खोचायचे, ते याचसाठी. हळदीकुंकवाची बोटे कोपऱ्याला आणि तिकीट कमी. छापील पुस्तकाला तर गेली कित्येक वर्षे शंभर ग्रॅमला एक रुपया असा दर होता. चारशे ग्रॅमचे पुस्तक चार रुपयांत पुण्याहून साकोलीला. रजिस्टर केले तर करासह २४ रुपये ७८ पैसे. साकोली हे झाडीबोलीच्या चळवळीचे केंद्र. पुण्या-मुंबईच्या प्रमाण भाषेतली पुस्तके जशी चार रुपयांत इकडे आली, तशीच झाडीबोलीची पातळ पुस्तके चार रुपयांत तिकडे गेली. दुसरी वाट नव्हती. पुण्यातले दुकान ती ठेवणार नव्हते.

मधल्या काळातली दरवाढ थोडक्यात. १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचे झाले, साधे पत्र एक आण्याचे. २ ऑक्टोबर १९५० ला आंतर्देशीय पत्र आले. १९५७ च्या दशमान नाण्यांत कार्ड पाच नये पैशांचे. आज पन्नास पैशांचे, आणि खात्याला ते त्याच्या कितीतरी पट खर्चात पडते. साधे पत्र गेली वीसेक वर्षे वीस ग्रॅमला पाच रुपये. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत ४४० नागपूर शहर आणि ४४१ त्याच्या भोवतीचा मुलूख. भंडारा ४४१९०४, तुमसर ४४१९१२. गोसीखुर्द धरणाने वैनगंगाकाठची गावे उठली, नव्या जागी गेली, गावाच्या नावापुढे 'पुनर्वसन' लागले. अशा गावचे पत्र पोचवायचे तर पोस्टमनची आठवण कोडपेक्षा जास्त उपयोगी पडते.

०००

डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर बुक-पोस्ट खात्याच्या संगणकातून निघून गेले. छोट्या प्रकाशकांनी बरीच ओरड केली. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आले: तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाचशेपर्यंत पंचवीस, पाच किलोला शंभर, कर वेगळा. देशभर एकच दर, आणि पुडके कुठवर पोचले ते पाहता येते. रजिस्टर बुक-पोस्टशी तुलना केली तर फार फरक नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण ज्याला पोचपावती नको होती, ज्याचा पोस्टावर भरवसा होता आणि खिशात चारच रुपये होते, त्याची खिडकी या नव्या सेवेत नाही.

आणि नियम पाहा. ज्ञान पोस्टात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक छापील पुस्तके चालतात. ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन चालत नाही. किरकोळ सूचना किंवा पुस्तकांच्या याद्या सोडून जाहिराती असलेलेही नाही. दिवाळी अंक ठरावीक काळाने निघतो आणि जाहिरातींवर जगतो. एकतीस दिवसांच्या अटीने तो वर्तमानपत्र नाही, या अटीने तो ज्ञान नाही. नियम करणाऱ्याच्या मनात दिवाळी अंकाचा द्वेष असेल असे मला मुळीच वाटत नाही. त्याच्या मनात दिवाळी अंक नव्हताच, एवढेच.

बाहेरच्या देशांत टपालहंशील घरबसल्या भरतात. अमेरिकेत १९९९ पासून संगणकावर पैसे भरून तिकीट घरच्या छपाईयंत्रावर काढता येते. घरी छोटा काटा ठेवायचा, वजन करायचे, पाकीट पेटीत टाकायचे. जर्मनीत २०२० पासून फोनवर पैसे भरले की अक्षर-आकड्यांचा एक संकेत मिळतो आणि तो तिकिटाच्या जागी पेनाने लिहायचा, छपाईसुद्धा नको. इंग्लंडने २००६ मध्ये वजनाबरोबर पाकिटाचा आकारही दरात धरला, त्यामुळे तिथे 'मोठे पत्र' ही वेगळी जात झाली. आपल्याकडे मोठे पाकीट अजून वजनानेच ओळखले जाते. डेन्मार्कने तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालाकडून पत्रे वाटणेच थांबवले, १६२४ पासून चालत आलेले.

आपल्या खात्याची नवी संगणकप्रणाली ४ ऑगस्ट २०२५ ला देशभर सुरू झाली. खिडकीवर क्यूआर कोडने पैसे देता येतात, स्पीड पोस्टची नोंद घरून करता येते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, याचे मला कौतुक आहे. पण माझ्या वहीतला मुद्दा वेगळा आहे. हिलच्या काळी अंतर मोजणे खर्चाचे होते, म्हणून ते सोडून देणे शहाणपणाचे ठरले. आता पिनकोड टाकला की संगणक एका क्षणात अंतर सांगतो. मोजण्याचा खर्च संपला, तसे अंतर दरपत्रकात परत आले. स्पीड पोस्टात ते आधीपासूनच होते, पण तेव्हा शेजारी रजिस्टरची खिडकी उघडी होती. ज्याला घाई तो अंतराचे पैसे देई. ज्याला फक्त पुरावा हवा तो देत नसे. आता पुरावा हवा असणाऱ्याला घाईचेही पैसे द्यावे लागतात. पुण्यात राहून पुण्यातल्या संस्थांना लिहिणारा संशोधक माझ्या खाकी पाकिटाला २४ रुपये भरील. मी ६८. कागद तेच, मोडी तीच.

माझे ते पाकीट ज्यांच्याकडे गेले ते मोडीवाचक गृहस्थ ऐंशीच्या पुढचे आहेत. फोनवर पाठवलेल्या छायाचित्रांवर त्यांचे काम होत नाही. त्यांना कागद लागतो, भिंग लागते आणि अक्षराखाली रेघ मारायला तांबडी पेन्सिल. संस्थेच्या विनंतीपत्राला अजून उत्तर नाही, पण यांचे उत्तर नवव्या दिवशी आले. माझेच खाकी पाकीट उलटे करून, नवा कागद चिकटवून, साध्या टपालाने. वर पाच-पाच रुपयांची दहा तिकिटे, दोन ओळींत नीट बसवलेली. पोचपावती नाही, काही नाही. आत सत्तावीस कार्डांचे वाचन होते. बाविसावे, गोंदियाहून भंडाऱ्याच्या पेढीला आलेले, त्यात पितळी गुंडांचा भाव विचारला आहे आणि उत्तर कार्डावरच द्यावे, पाकिटाचा खर्च करू नये, असे लिहिले आहे. कार्डाची तारीख मात्र त्यांनाही लागली नाही. शिक्का पुसट आहे, मूळ कार्ड पाठवा म्हणतात. ते साध्या टपालाने पाठवायला माझा धीर होत नाही.